त्रिशूरच्या मैदानात

आज संध्याकाळी त्रिशूरला वडक्कुन्नाथन मंदिराभोवतीच्या मैदानात बसले होते. शेजारी बसलेल्या काकांशी गप्पा निघाल्या. जन्मभर डाव्यांना मत दिलेलं, पण २०२४ ला भाजपचे उमेदवार, अभिनेते सुरेश गोपींना दिलं. "माणूस बघून," म्हणाले. केरळात भाजपची लोकसभेची पहिली जागा ती हीच.

त्रिपुराही डाव्यांचंच राज्य होतं; तिथे विधानसभेत भाजपला २०१३ ला शून्य जागा आणि २०१८ ला थेट सत्ता. पक्षाचे तिथले प्रभारी, आपले मराठी सुनील देवधर तिथे गावोगाव फिरले होते. इथे मात्र मला ते इतकं सोपं वाटत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती मिळून जवळपास ४५ टक्के लोक. त्यांचा विश्वास सभा घेऊन मिळत नाही. विधानसभेचं नेमम २०१६ ला भाजपला मिळालं, २०२१ ला गेलंही.

"पुढच्या वेळी कुणाला?" विचारलं. काका बराच वेळ गोपुराकडे बघत राहिले.