रिपोर्टवर सही कोणाची?

2016 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी एका खाजगी चिकित्सालयात महिना 8,000 रुपयांवर काम धरले. येणाऱ्या मुलांना बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी द्यायची, पालकांकडून मुलाच्या वाढीचा इतिहास लिहून घ्यायचा, गुण मांडायचे आणि रिपोर्ट टंकून ठेवायचा, एवढे माझे काम होते. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेल्या या चाचणीचे मराठी प्रश्न मला पाठच झाले होते आणि दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांतली मुले आली की मलाच बोलावले जाई. अशाच एका मुलाच्या आईने रिपोर्ट हातात घेऊन मला विचारले, “ताई, दोन तास तर तुम्हीच बसला होतात त्याच्याबरोबर. मग ही सही कोणाची आहे?” सही ज्यांची होती त्यांनी त्या मुलाला पाहिलेही नव्हते. मी काहीतरी सारवासारव केली, पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा नियम वाचायला बसले. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा आहे आणि त्यानुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचे तर परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण घेऊन केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली व्याख्याही जवळपास तेच सांगते: मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर पर्यवेक्षणाखालच्या रुग्णकामासह याच विषयातले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. म्हणजे माझी एम.ए. ही पदवी होती, परवाना नव्हता. हा फरक मी शिक्षणाच्या पाच वर्षांत कोणाला विचारलाच नव्हता. पदवीनंतर काय काय करता येते, याची यादी मला तोंडपाठ होती. त्यातल्या कोणत्या कामाखाली माझे नाव लिहिता येते, हा प्रश्न सुचला नव्हता.

महिनाअखेरीस मी ते काम सोडले. घरी आत्याने बी.एड.चा आग्रह धरला, कारण शाळेत भविष्य निर्वाह निधी असतो आणि दुपारी घरी येता येते. मी मात्र मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात रुजू झाले. उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याचे काम मिळेल असे मुलाखतीत सांगितले होते. प्रत्यक्षात वर्षभर हजेरीपट, कँटीनची कुपने आणि गेटपास हेच पाहिले. नोकरी सोडून जाणाऱ्या कामगारांच्या अखेरच्या मुलाखती घेताना समोरच्याला मध्येच न तोडता ऐकायची सवय लागली, एवढी त्या वर्षाची कमाई. त्याच वर्षी एम.फिल.ची प्रवेशपरीक्षा दिली आणि लेखी परीक्षेतच अडकले.

मग एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेची माहिती मिळाली. हा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे: पहिले सहा महिने दूरशिक्षण, नंतर तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. गुजरातचे विद्यार्थी भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे जातात, त्यामुळे ते तीन महिने मी श्यामला हिल्सवर काढले. वर्गात निम्म्याहून अधिक जण वीस-वीस वर्षे शाळेत शिकवलेले शिक्षक होते. सिद्धान्तांची नावे मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होती. पण मूल वर्गात गप्प का बसते, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगले कळत होते. समुपदेशनाचा सराव करताना माझा जोडीदार असलेल्या सरांनी मला एकदा सौम्यपणे ऐकवले की मी प्रश्न विचारत नाही, तोंडी परीक्षा घेते.

ही पदविका आणि एम.ए. यांच्या बळावर मला बडोद्याबाहेरच्या एका सीबीएसई शाळेत समुपदेशकाची जागा मिळाली. मंडळाच्या नियमांनुसार शाळेला समुपदेशक ठेवावा लागतो, म्हणून पद होते; पण त्या पदाने करायचे काय, याविषयी शिक्षकांच्या खोलीत एकमत नव्हते. कोणी रजेवर असले की बदली तास माझ्याकडे यायचा. वर्गात दंगा केलेल्या मुलाला “जा, मॅडमकडे जाऊन बस” असे सांगून शिक्षा म्हणून माझ्या खोलीत पाठवले जाई, आणि मग बाकीची मुले त्या खोलीकडे फिरकत नसत. हे बदलायला मला वर्ष लागले. मी मधल्या सुट्टीत मैदानावर उभी राहू लागले, नववीच्या वर्गांत विषयनिवडीवर बोलू लागले आणि दहावीनंतर विज्ञानच घ्यायचे हे घरात ठरूनच गेलेल्या मुलांच्या पालकांना, मुलाला बाहेर बसवून, एकेकटे भेटू लागले. “बेन, एनुं शुं थशे?” (ताई, याचे काय होणार?) हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे आणि त्याला मी कधीही एका वाक्यात उत्तर दिले नाही.

त्याच शाळेत सातवीतला एक मुलगा होता. तोंडी उत्तरे चटचट देई, पण लिहायला बसला की अक्षरे उलटसुलट होत आणि ओळी गळून जात. अध्ययन अक्षमतेची शंका मला पहिल्याच महिन्यात आली. दिव्यांग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता ही 21 प्रकारांपैकी एक आहे आणि तिच्या आधारे परीक्षेत जास्तीचा वेळ किंवा लेखनिक मागता येतो. मात्र त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र शाळेच्या समुपदेशकाच्या कागदावर मिळत नाही. मी निरीक्षणे लिहून मुलाला पुढे पाठवले. हेच माझे काम होते आणि ते मी नीट केले, असे आजही वाटते. तरीही संदर्भपत्राच्या तळाशी सही करताना चिकित्सालयातल्या त्या आईची आठवण झाली आणि पुन्हा परीक्षा द्यायचे मी ठरवले.

दुसऱ्या प्रयत्नात, 2021 साली, मुलाखतीपर्यंत पोहोचले. समोरच्या प्राध्यापकांनी एका काल्पनिक रुग्णाचे वर्णन करून त्याची मानसिक स्थिती तपासून दाखवायला सांगितले आणि मी भ्रम व विभ्रम यांच्या व्याख्या म्हणू लागले. त्यांनी दोन मिनिटे ऐकून घेऊन आभार मानले. बाहेर आल्यावर मला त्या प्राध्यापकांचा राग आला नाही. भोपाळचे सर आठवले. पुढचे वर्षभर मी नेटच्या (महाविद्यालयीन अध्यापनाच्या पात्रता परीक्षेच्या) तयारीच्या पुस्तकांबरोबर केस हिस्टरी लिहिण्याचा सराव केला, ओळखीच्या एका ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञांकडे शनिवारी बसू लागले आणि 2022 मध्ये दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. अशा जागा तेव्हा फार थोड्या असत आणि एम.ए.ला 55 टक्के गुण ही पहिली पायरी असे.

पहिले चार महिने मी नुसते इतिहास लिहिले आणि पर्यवेक्षकांनी ते परत केले. रुग्ण “गभरामण थाय छे” (घाबरल्यासारखे होते) म्हणाला की मी लगेच चिंताविकार लिहून मोकळी होत असे. मग गभरामण म्हणजे छातीतली धडधड, की मरणाची भीती, की नुसते घरी करमत नाही, हे विचारायला शिकले. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका “जीव वर-खाली होतो” म्हणतात, त्यातही इतक्याच गोष्टी दडलेल्या असतात. दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाच्या धांदलीतच डिसेंबर 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही मान्य पदवी नाही, असे जाहीर केले. वसतिगृहात त्या रात्री कोणी झोपले नाही. पुढे चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांना 2025-26 पर्यंत मुदत मिळाली, पण आता हा मार्ग धरणाऱ्याने जुन्या अनुभवांवर (माझ्यासुद्धा) विसंबून न राहता परिषदेची त्या वर्षीची सूचनाच वाचावी.

माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी हा मार्ग घेतला नाही आणि ते बरेच झाले. एक नेट देऊन महाविद्यालयात शिकवते, एक मुंबईत बाजारसंशोधनात रमली आहे, एकाने विशेष शिक्षणात बी.एड. करून परिषदेचीच नोंदणी मिळवली आणि एक जण सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. पगाराचे म्हणाल तर त्या बाजारसंशोधनवालीचाच सर्वांत चांगला आहे.

मी आता बडोद्यातच एका बालविकास केंद्रात आहे. इथे अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वापरली जाणारी विकासमापनश्रेणी याच शहरात, आमच्याच विद्यापीठातल्या प्रमिला फाटकांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेली यांच्या श्रेणीवरून घडवली. तिच्यात 67 घटक हालचालींचे आणि 163 मानसिक विकासाचे आहेत, आणि जुने लोक तिला अजूनही बडोदा नॉर्म्स म्हणूनच ओळखतात. एम.ए.ला असताना त्या पेटीतली घंटा आणि ठोकळे मी कपाटाच्या काचेतून पाहिले होते. नोंदणी क्रमांक आल्यानंतरचा पहिला रिपोर्ट चौदा महिन्यांच्या एका मुलीचा होता. तिच्या आजीला इंग्रजी येत नव्हते, म्हणून तो अर्धा तास मराठीत समजावून सांगितला, तिच्यासमोरच सही केली आणि खाली क्रमांक लिहिला. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी निरंतर प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. त्यासाठीच्या पहिल्या कार्यशाळेची फी मी गेल्याच आठवड्यात भरली.