उत्तर कुठून आलं?

तुळशीचं लग्न लागलं की मिरजेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकांची रांग लागते. त्या दिवशी सकाळी शटर वर करतानाच एक काका येऊन उभे होते. मुलीच्या लग्नाची पत्रिका. मजकूर आदल्या आठवड्यातच लावून झाला होता, पण मधल्या काळात मुलीचे थोरले मामा गेले. निमंत्रकांच्या यादीतून त्यांचं नाव काढून वर ‘कै.’ लावून घ्यायचं होतं. काका स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसत राहिले. मी म्हटलं, “काका, पाच मिनिटांचं काम आहे.”

डेस्कटॉप सुरू केला, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि समोर चौकट: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, इंटरनेट कनेक्शन तपासा.

लायसन्स मी आदल्या रात्रीच विकत घेतलं होतं. त्याआधी सात वर्षं या मशीनवर क्रॅक केलेली, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून वापरलेली कॉपी चालली. ती माझ्या मनाला कायम खटकायची आणि पैसे साठले तशी मी ती काढून टाकली. आता लॉगिन होईना. शेजारच्या लॅपटॉपवर त्याच वायफायवर तेच लॉगिन लगेच झालं, पण पत्रिकेची फाइल आणि तिच्यातले जुने फॉन्ट डेस्कटॉपवरच होते.

राउटर बंद-चालू करायला आमच्याकडची मुलगी उठली, तिला थांबवलं. लॅपटॉप चालतोय म्हणजे राउटरची चूक नाही. तरी खात्रीसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट डेस्कटॉपला जोडून पाहिला. तीच चौकट. ही एक तपासणी मी कुणालाही सगळ्यात आधी करायला सांगेन. लाइन बदलूनही चूक तीच राहिली, तर शोध आपल्या मशीनमध्ये घ्यायचा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही.

मग ब्राउझर उघडला. त्यानं मात्र सरळ सांगितलं, की तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात पाहिलं तर जानेवारी २०१५. आम्ही रात्री मेन स्विच बंद करून जातो. तेव्हा मदरबोर्डचं घड्याळ फक्त आतल्या बटणसेलवर चालतं, आणि तो सेल संपला होता. यात कनेक्शनचा काय संबंध, असं काकांनी विचारलं. संबंध असा, की सर्व्हर प्रत्येक वेळी आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, आणि हल्ली ती मुदत फार तर वर्षभराची असते. मशीनच्या हिशोबानं २०१५ साल चालू असेल, तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. मशीन ते नाकारतं, संपर्क तुटतो, आणि सॉफ्टवेअर आपल्याला इंटरनेट तपासायला सांगतं. ब्राउझरला कारण सांगता येतं तर दीड-दोन हजार रुपये महिना घेणाऱ्या सॉफ्टवेअरला का सांगता येऊ नये? मला याचा खरोखर राग येतो. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना त्या एका चुकीच्या वाक्यापायी माणसं तास घालवतात.

तारीख-वेळ नीट केली. ब्राउझरमध्ये साइट उघडू लागल्या. सॉफ्टवेअर तरीही नाहीच. अँटिव्हायरस दोन मिनिटं थांबवला, प्रॉक्सीची सेटिंग पाहिली, सगळं ठीक. तेव्हा पुण्यात नेटवर्किंगचं काम करणाऱ्या मावसभावाला फोन लावला.

“ताई, कंपनीच्या मदतीच्या पानावर त्यांच्या सर्व्हरची नावं दिलेली असतील. त्यातल्या लायसन्सच्या सर्व्हरला पिंग कर, म्हणजे हाक घालून उत्तर येतं का बघ.”

केलं. “अरे, उत्तर येतंय की! चारही वेळा आलं.”

“उत्तर कुठून आलं ते वाच.”

वाचलं. १२७.०.०.१. आणि वेळ, एक मिलिसेकंदापेक्षा कमी. दूरच्या कुठल्याही सर्व्हरचं उत्तर इतक्या लवकर येऊच शकत नाही. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक मशीनचा स्वतःचाच असतो. म्हणजे लायसन्सच्या सर्व्हरला घातलेली हाक आमच्याच मशीनकडे परत येत होती.

हे होस्ट्स फाइलमुळे होत होतं. कुठल्या नावाचा पत्ता कोणता, याची ही मशीनमधलीच यादी. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, आणि तिथे ‘होस्ट्स’ नावाची, पुढे काहीही एक्स्टेन्शन नसलेली फाइल. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. त्याआधी अरपानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, सगळ्या मशीनांची नावं आणि पत्ते अशाच एका यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. डीएनएस आलं तरी यादीची पद्धत राहिली. आजही विंडोज त्या फाइलमधल्या नोंदीला आधी मान देतं आणि तिथे नाव नसेल तरच बाहेर विचारतं.

नोटपॅडमध्ये फाइल उघडली. वर विंडोजच्या स्वतःच्या ओळी, प्रत्येकीच्या आधी हॅशचं चिन्ह. मग बरीच मोकळी जागा. स्क्रोल करत खाली गेले तर अकरा ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला १२७.०.०.१ आणि पुढे एकेका सर्व्हरचं नाव. क्रॅक टाकणाऱ्यानं सात वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या, सॉफ्टवेअरनं कंपनीच्या सर्व्हरला लायसन्सबद्दल विचारू नये म्हणून. सॉफ्टवेअर काढलं तरी त्या ओळी जात नाहीत, कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये नसतातच.

आधी फाइलची एक कॉपी बाजूला ठेवली. मग त्या अकराच ओळी पुसल्या. सेव्ह होईना, तेव्हा लक्षात आलं की नोटपॅड उजव्या क्लिकनं ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावं लागतं. आणखी एक काळजी घ्यायची, नोटपॅड नावापुढे डॉट टीएक्सटी चिकटवत नाही ना हे पाहायचं. चिकटलं तर वेगळीच फाइल तयार होते आणि जुनी जागच्या जागी राहते. शेवटी डीएनएसची साठवण, म्हणजे मशीननं लक्षात ठेवलेले जुने पत्ते, रिकामी केली आणि पुन्हा पिंग. या वेळी पत्ता दुसरा आला आणि वेळ बावन्न मिलिसेकंद.

लॉगिन झालं. पत्रिका उघडली. मामांचं नाव खालून काढलं, वर ‘कै.’ लावून ठेवलं. काकांनी स्क्रीनजवळ येऊन ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “ताई, जरा ठळक कर.” ठळक केलं. प्रूफवर सही करताना त्यांचा हात थरथरत होता.

दुपारी स्टेशन रोडवरून सीआर२०३२ सेल आणला. नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. मशीनचा प्लग काढून, बाजूचा पत्रा उघडून, जुना सेल नखानं उचलला आणि नवा बसवला. रात्री नेहमीसारखा मेन स्विच बंद करून घरी गेले. सकाळी आल्या आल्या आधी कोपऱ्यातली तारीख पाहिली. बरोबर होती.