बाराशे रुपयांची थकबाकी आणि सहा लाखांची फाईल

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मान वर करायला सवड मिळत नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात तर वडील, मुलगा, चुलता, ओळखीचे एखादे गुरुजी असे चार-चार जण एका फाईलमागे येतात. त्या सोमवारी दोघंच आले होते. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे एक मामा आणि त्यांचा मुलगा. मुलगा बी. कॉम. झालेला, पुण्यातल्या एका कॉलेजात एमबीएला नंबर लागलेला. दोन वर्षांची फी सहा लाख. त्यातले तीन लाख बारा दिवसांच्या आत भरायचे होते.

फाईल सरळ वाटत होती. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार झाले की पुरतं. मार्क चांगले होते, शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी या सरकारी पोर्टलवरचा अर्जही नीट भरलेला होता. मी दोघांचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदी आणि त्यावरून ठरलेला स्कोअर, काढले. वडिलांच्या स्कोअरच्या जागी उणे एक आलं. म्हणजे या माणसाने आजवर कुठेच कर्ज घेतलेलं नाही, त्यामुळे मोजायलाच काही नाही. मुलाचा स्कोअर होता 598.

हा स्कोअर 300 ते 900 च्या दरम्यान असतो. साडेसातशेच्या पुढे असला तर वरच्या ऑफिसातून सहसा प्रश्न येत नाही. पण ज्याने अजून पहिला पगार घेतलेला नाही त्याचा 598 कसा?

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हे कर्ज कसलं रे?"

"मी कर्ज काढलंच नाही मॅडम."

मामा खुर्चीतून पुढे सरकले. "आमच्या घरात कुणाचा रुपया उधार नाही. कुणीतरी ह्याच्या नावावर काढलं असणार."

तसंही असू शकतं. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स कुठेकुठे फिरतात हे मी रोज बघते, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी बाजूला टाकलं नाही. आम्ही ती नोंद ओळीने वाचायला घेतली. कर्ज देणारी एक वित्तीय कंपनी होती, तिचं नाव त्या दोघांनी कधी ऐकलेलं नव्हतं. प्रकार: ग्राहक कर्ज. मंजूर मर्यादा 5,000. मूळ बाकी 1,249, दंड-व्याज धरून 1,912. त्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात. हप्ता किती दिवस थकला ते त्या चौकोनात लिहिलेलं असतं. पहिले दोन चौकोन 000, पुढे 028, मग 059, 089, 120, आणि शेवटचा 151.

"ही सुरुवातीची तारीख बघ. त्या सुमाराला काय घेतलं होतंस?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बूट." खरेदीच्या ॲपवर पैसे भरताना 'आता घ्या, नंतर पैसे द्या' असा पर्याय आला होता. पॅन नंबर टाकला, ओटीपी टाकला, बूट घरी आले. 1,499 चे बूट आणि नंतर 350 चा एक रिचार्ज. त्यातले 600 त्याने भरले. मग परीक्षा आली, मोबाईल नंबर बदलला आणि जागा होत नाही म्हणून ॲपही काढून टाकलं. ॲप काढलं की खातंही बंद होतं, अशी त्याची समजूत होती.

मी त्याला ईमेल उघडायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. त्यानुसार कर्ज देणाऱ्याने सगळी माहिती एका पत्रात द्यायची असते: खरा सावकार कोण, वार्षिक खर्च किती टक्के पडतो, दंड किती, आणि मन बदललं तर किती दिवसांत मुद्दल परत करून मोकळं होता येतं. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात दहा महिन्यांपूर्वीचं ते पत्र सापडलं. त्याने ते कधी उघडलंच नव्हतं. पहिल्याच ओळीत त्या अनोळखी कंपनीचं नाव होतं.

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मुलाला काही म्हटलं नाही, पण माझ्याकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, कर्जच नको. पतसंस्थेत साडेपाच लाख आहेत, ठेव मोडतो. पन्नासेक हजार खात्यात आहेतच."

मामांबद्दल एक सांगायला हवं. ते दर महिन्याला दहा तारखेच्या आत भरणा करायला येतात, कधी चुकत नाहीत. पूर्वी बचत खात्याचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळायचं, त्यामुळे अकराव्या दिवशी भरलेला रुपया त्या महिन्यापुरता वाया जायचा. 1 एप्रिल 2010 पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. नियम बदलला तरी त्यांची सवय तशीच आहे. पैशाची इतकी कदर करणाऱ्या माणसाची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत आहे, हे ऐकून मला काळजी वाटली.

बँकेतल्या ठेवीवर विमा असतो. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. फेब्रुवारी 2020 च्या आधी ही मर्यादा एक लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थेला नाही. पतसंस्था वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही. या भागातल्या कितीतरी संसारांना त्यांनीच हात दिला आहे. पण ठेव ठेवण्याआधी लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला आहे ते बघावं, आणि घरातली सगळी ठेव एका जागी ठेवू नये. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "बोर्डवर सगळे आपल्याच ओळखीचे आहेत," एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "ठेव मोडायचीच असेल तर थोडे एका कंपनीच्या बॉण्डमध्ये, म्हणजे कर्जरोख्यांत टाकू, साडेबारा टक्के देतायत. थोडे शेअरमध्ये. दुसऱ्या वर्षाची फी त्यातूनच निघेल." त्याचं शेअर ठेवायचं डिमॅट खातं होतं. कॉलेजच्या ग्रुपवर रोज कुणीतरी ऑप्शनमधल्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांतल्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असे.

जेवणाची सुट्टी झाली होती. मी काउंटरवरची एक भरणा पावती उलटी केली आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं धनको, म्हणजे ज्याचं येणं आहे तो; उजवीकडे ऋणको, म्हणजे जो देणं लागतो तो. बारावीला चिटणीसाची कार्यपद्धती शिकलेल्या मुलाला हे शब्द नवे नसतात. ऋणपत्रधारक आणि भागधारक यांच्यातला फरक त्याने परीक्षेसाठी पाठ केलेला असतो.

"बचत खात्यात तू हजार रुपये ठेवलेस. धनको कोण?"

"बँक," तो पटकन म्हणाला, आणि मग थांबला. "नाही. मी."

"बँक तुझं देणं लागते. म्हणून ती तुला व्याज देते. अडीच टक्के का होईना, पण हवं तेव्हा पैसे परत मिळतात. आता बॉण्ड?"

"धनको मीच. ऋणको कंपनी."

"मग साडेबारा टक्के द्यायची वेळ त्या कंपनीवर का आली असेल? बँक तिला दहाने देत असती, तर तिने तुझ्याकडून साडेबाराने घेतलं असतं का?"

यावर मामा पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. त्यांच्या धंद्यात तांब्याची तार उधारीवर मागणारा जो गिऱ्हाईक जादा भाव कबूल करतो, त्याचाच आधी संशय येतो, म्हणाले. मला त्यांच्या बोलण्यात भर घालायची गरज पडली नाही. मुलाला मात्र 2018 सालची आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तीय कंपनीची गोष्ट सांगितली. हप्ते चुकायच्या थोडेच दिवस आधीपर्यंत तिच्या कर्जाला सर्वोच्च मानांकन होतं. ज्याला सरकारलाच कर्ज द्यायचं आहे, त्याच्यासाठी नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सोय आहे. किमान 10,000 रुपये लागतात, आणि 91, 182 किंवा 364 दिवसांच्या सरकारी हुंड्या थेट घेता येतात. वर्षभराने लागणाऱ्या फीसाठी हे त्या बॉण्डपेक्षा कितीतरी बरं.

शेअर कुठे लिहायचा, यावर त्याचा पेन अडला. शेअर कोणत्याच रकान्यात बसत नाही, कारण शेअर घेणारा मालक असतो. कंपनी त्याचं काही देणं लागत नाही. कामगार, बँका, रोखेधारक, सरकार या सगळ्यांचं देऊन उरेल ते त्याचं. चांगल्या कंपनीत पंधरा-वीस वर्षांत ते उरलेलं मोठं होऊ शकतं. मी स्वतः दर महिन्याला इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत वाटून गुंतवणाऱ्या फंडात, पैसे टाकते आणि नोकरी लागल्यावर त्यानेही टाकावेत असं त्याला सांगितलं. पण बारा महिन्यांनी जो पैसा फी म्हणून भरायचाच आहे, तो तिथे ठेवायचा नाही. बाजार पडलेल्या महिन्यातच फीची तारीख येऊ शकते, आणि कॉलेज थांबत नाही.

ऑप्शनबद्दल मी जास्त कडक बोलले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के लोक तोट्यात होते, आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. 2023-24 मध्ये त्यांतले 43 टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे ह्याच वयाची मुलं. त्यांचे तोट्याचे स्क्रीनशॉट कुणी ग्रुपवर टाकत नाही. मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो. बापाने मोटारी गुंडाळून साठवलेला पैसा एका दुपारी जातो, आणि पोरगं महिनाभर घरी तोंड उघडत नाही. अशी घरं मी पाहिली आहेत.

शेवटी बुटांचं कर्ज उरलं. ते त्याने स्वतःच उजवीकडे लिहिलं आणि पुढे 1,912 टाकलं.

पावती खिशात घालून तो बाहेर जातो न जातो तोच त्या कंपनीच्या वसुलीवाल्याचा फोन आला. जुना नंबर बंद असला तरी बँकेतूनच मुलाने कंपनीला मेल केला होता, त्यात नवा नंबर होता. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. हजार रुपये भरा, सेटलमेंट करून टाकू, विषय संपला. मुलगा खूश होऊन धावत परत आला. नऊशे रुपये वाचणार होते.

मी त्याला हात जोडून सांगितलं, हे करू नकोस. कमी पैशात तडजोड केली की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो. पुढचा प्रत्येक अधिकारी त्याचा अर्थ 'पूर्ण फेडलं नाही' असाच घेतो. पूर्ण भरलं की 'क्लोज्ड' लागतं. नऊशे रुपयांसाठी पुढच्या घराच्या कर्जापर्यंत हा डाग कोण वागवणार? मेसेजमधल्या लिंकवरून भरायचं नाही, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून भरायचं, आणि काही देणं उरलं नाही असा नादेय दाखला लेखी मागून घ्यायचा. त्याने 1,912 रुपये माझ्यासमोर भरले. दाखला तिसऱ्या दिवशी मेलवर आला.

कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांना दर पंधरा दिवसांनी माहिती द्यावी, असा नियम जानेवारी 2025 पासून लागू झाला. पूर्वी ती महिन्याने जायची. तरीही आमच्या बारा दिवसांत नवा स्कोअर येणं अवघड होतं. म्हणून मी मंजुरीसाठी स्वतंत्र टिपण लिहिलं. त्याला पैसे भरल्याची पावती आणि नादेय दाखला जोडला. वडिलांच्या खात्याचा उतारा जोडला, त्यात दर महिन्याचा भरणा स्वच्छ दिसत होता. विद्यार्थ्याचा स्कोअर कमी आहे एवढ्याच कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं आहे. त्याचाही उल्लेख केला. वरून एकच प्रश्न आला, सहकर्जदाराला कर्जाचा इतिहास नाही का? मी उत्तर लिहिलं की पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून नाकारता येत नाही. नवव्या दिवशी मंजुरी आली आणि तीन लाख थेट कॉलेजच्या खात्यात गेले.

मामांची ठेव मोडावी लागली नाही. मुदत संपल्यावर अर्धी रक्कम बँकेत आणायचं त्यांनी ठरवलं. कर्जाच्या कागदांवर सही करताना त्यांनी विचारलं, "शिकून होईस्तोवर काहीच भरायचं नाही ना?" हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, हे खरं. पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षी तीन लाखांवर 30,000, पुढची दोन वर्षं सहा लाखांवर दर वर्षी 60,000. काहीच भरलं नाही, तर हप्ते सुरू व्हायच्या वेळी सहाचे साडेसात लाख झालेले असतात. मामांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि दरमहा 2,500 रुपये खात्यातून आपोआप कर्जात वळते करायची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन तिथल्या तिथे लिहून दिली.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मुलगा तीन मित्रांना घेऊन आला. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, हे त्यानेच त्यांना सांगितलं होतं. दोघांच्या रिपोर्टवर 'नंतर पैसे द्या'वाली खाती उघडी निघाली. बाकी शून्य होती, ती त्यांनी लेखी अर्ज करून बंद करायला टाकली. तिसऱ्याच्या नावावर मात्र एका सावकार कंपनीने केलेली चौकशी दिसते, आणि आपण तिथे कधी अर्जच केला नाही, असं तो छातीठोकपणे सांगतो. त्याची तक्रार आम्ही त्याच दिवशी ऑनलाइन नोंदवली. तीस दिवसांत निकाल लावावा लागतो, त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. उत्तर अजून आलेलं नाही. तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे.