त्या ‘टी’ला हात लावू नका

परवा शनिवारी लातूरला घरूनच रिव्ह्यू करायलो होतो. आमचा प्रोजेक्ट म्हणजे डूम ह्या जुन्या गोळीबाराच्या गेमच्या मूळ सोर्सवर, म्हणजे कोडवर, उभा असलेला पोर्ट, आजच्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती. गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं तो सोर्स 1997 च्या डिसेंबरात खुला केला, 1999 ला तो जीपीएल ह्या मुक्त परवान्याखाली आला, आमच्याकडं आता कोड लिहिणारी निम्मी पोरं तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. त्यातल्याच नांदेडच्या एकानं साफसफाईची पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझे बदल मूळ कोडात घ्या’ अशी मागणी, टाकली होती. काम खरंच चांगलं होतं, नको ती व्हेरिएबल उडवलेली, जागोजागी कॉपी-पेस्ट केलेलं एका फंक्शनात आणलेलं, मी तर मनातल्या मनात मर्ज करूनच टाकलं होतं.

मग डेमो, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेला खेळ, लावला. डूमच्या डेमोत व्हिडिओ नसतो बरं का, खेळणाऱ्यानं काय काय दाबलं तेवढंच असतं, सेकंदाला 35 टिक (गेमच्या घड्याळाचे ठोके), एकट्याच्या खेळात दर टिकला 4 बाइट, बस. बाकी सगळा गेम पहिल्यापासून परत खेळला जातो, त्यामुळं कोडमध्ये काडीचा फरक पडला तरी डेमो भरकटतो. आणि भरकटलाच. आपला गडी राक्षसावर गोळी झाडतो, राक्षस काही मरत नाही, पण ह्याला त्याचा पत्ताच नाही, हा आपला जुन्या बटणांप्रमाणं पुढं जाऊन बंद दाराला छाती लावून चालायलाय आणि भिंतीला गोळ्या घालायलाय. लई हसलो, आणि मग पोराला फोन लावला.

“दादा, माझ्याकडं तर बरोबर चालायलंय की.”

“कंपायलर कोणता वापरायलास?”

“क्लँग.”

मी जीसीसीवर. दोन्ही कंपायलरच, म्हणजे लिहिलेल्या कोडाचा चालणारा प्रोग्रॅम करणारे, पण वेगवेगळे. तिथंच कान टवकारले. कोणत्या बदलापासून बिघडलं ते शोधणारं गिट बायसेक्ट लावलं तर ते एका एवढ्याशा कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, येऊन थांबलं. जुन्या कोडमध्ये पी_रँडमचा, म्हणजे रँडम आकडा देणाऱ्या फंक्शनचा, एक आकडा ‘टी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेतलेला आणि खालच्या ओळीत ‘टी’तून दुसरा पी_रँडम वजा केलेला, गोळी किती तिरकी जाणार ते त्यावर ठरतं. पोराला वाटलं ‘टी’ उगीच आहे, त्यानं सरळ पी_रँडम वजा पी_रँडम अशी एकच ओळ केली. दिसायला तेच. पण सी भाषेत ह्या दोन कॉलपैकी आधी कोणता चालवायचा हे ठरलेलंच नाही, ज्या त्या कंपायलरची मर्जी. आणि गेममधलं हे रँडम तरी कुठलं रँडम, 256 आकड्यांचं ठरलेलं टेबल आहे, 0, 8, 109, 220 असं, दर कॉलला एक घर पुढं. म्हणजे एकीकडं 8 वजा 109, उणे 101, आणि दुसरीकडं 109 वजा 8, अधिक 101. गोळी सरळ दुसऱ्या बाजूला!

गंमत म्हणजे मूळ सोर्समध्येही ही वजाबाकी एकाच ओळीत होती. पुढं 1998 ला बूम नावाच्या पोर्टवाल्यांनी ती फोडून दोन ओळींत केली, आमच्याकडं ते तिथूनच आलेलं, फक्त कारण सांगणारी कमेंट मधल्या कुठल्यातरी साफसफाईत उडाली होती. पोराला म्हणलं, ‘टी’ परत टाक आणि वर चार ओळी लिही, नाहीतर पुढच्या वर्षी अजून कुणीतरी येऊन काढंल.

बाकीची रिक्वेस्ट मर्ज केली. दोन्ही कंपायलरवर डेमो आपोआप चालतील असं लावून टाकलं, तर पहिल्याच रनला एका भलत्याच फाइलीत असलीच अजून एक वजाबाकी घावली, आमच्यापैकीच कुणीतरी लिहिलेली. ती पण पोराच्याच गळ्यात घातली, तो खूश.