तुम्हाला कसा झाला, असं विचारलंत म्हणून

मी तासभर पेशंटच्या हक्कांवर बोलते, आणि कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "ताई, पण तुम्हाला कसा झाला?" मी सांगत नाही. लोकांना वाटतं मी लपवते. लपवायचं असतं तर एचआयव्ही आहे म्हणून माईकवर कशाला बोलले असते?

पिशवीच्या ऑपरेशनच्या वेळची गोष्ट. खाजगी हॉस्पिटल होतं. डॉक्टरांना मी आधीच केबिनमध्ये सगळं सांगितलेलं, एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांचं, कार्ड दाखवलेलं, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचा, रिपोर्टही, त्यात विषाणू सापडत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. ते बरं म्हणाले, ॲडव्हान्स भरून घेतला. सकाळी मी गाऊन घालून उपाशीपोटी बसलेली, शेजारी सासूबाई, आणि बघते तर फाईलवर लाल पेनाने मोठ्ठं एचआयव्ही लिहिलेलं, वॉर्डातल्या सगळ्यांना दिसेल असं. मग डॉक्टर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला कसा झाला हो?"

मी म्हटलं, मिस्टरांकडून.

सासूबाई तिथेच होत्या. त्यांचा मुलगा टीबीने गेला असंच आम्ही गावात सांगत आलो होतो, आणि भर वॉर्डात मी त्याचं नाव घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या साडीची घडी घालत बसल्या. डॉक्टरांचा चेहरा मात्र लगेच निवळला, "अरेरे, म्हणजे तुमची काही चूक नाही." आणि पुढच्याच वाक्याला, "आमच्याकडे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलला जा."

कसली सोय? हातमोजे, निर्जंतुक हत्यारं, सुई टोचली तर ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधं, हे तर प्रत्येक पेशंटसाठी लागतंच, कारण रिपोर्ट न काढलेलेही किती येतात. ऑपरेशन नंतर सरकारी दवाखान्यात व्यवस्थित झालं.

तेव्हा कायदा मला माहीत नव्हता. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारायचे नाहीत, संमतीशिवाय टेस्ट करायची नाही, कुणाला सांगायचं नाही. वीस किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात त्या हॉस्पिटलात तक्रार अधिकारी हवा. त्यात कसा झाला त्यावर हक्क ठरतील असं कुठेही नाही. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे म्हणून म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये डांबलं तेव्हा डांबणाऱ्यांना निदान कायद्याचा तरी आधार होता, आता तर कायदा आपल्या बाजूला आहे!

जुनी मी अजून भांडते माझ्याशी. नवऱ्याकडून म्हटलं की लोक ऐकतात, ती खोटं बोलत नाही. पण एआरटीच्या रांगेत माझ्या पुढे उभी असते ती धंदा करणारी बाई, तिच्याकडे असं उत्तर नाही, मग तिने कुठे जायचं? आणि मला तरी त्या उत्तराने काय मिळालं, अरेरे मिळालं, ऑपरेशन नाही मिळालं.

तरी एखादी नवीन पोरगी, रिपोर्ट हातात घेऊन, तिचा स्वतःचा हिशोब लागत नाही म्हणून विचारते, तेव्हा तिला मी सगळं सांगते, मिस्टरांच्या नावासकट. सासूबाईंना हे अजून पटत नाही. त्यांना काय सांगावं मला कळत नाही.