पाठीवरचे बंद

रविवारी दुपारी मी आणि आई शेंगा फोडत विलायती उमरावांचे सिनेमे बघतो. आईला संवाद भराभर कळत नाहीत, लग्नं मात्र कळतात. नवरा-बायको लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना जेवायला बसले की तिचा निकाल तयार: "मीठ मागायलाही गडी पाठवावा लागेल. हिचं काही धड नाही."

परवा 'द डचेस' (२००८) पुन्हा लावला. लग्नाच्या रात्री ड्यूक बायकोच्या पाठीवरचे बंद कात्रीने कापतो आणि बायकांच्या कपड्यांत एवढी भानगड कशाला, म्हणून वैतागतो. ती म्हणते, तुम्हाला मन मांडायला कितीतरी वाटा, आमच्याकडे टोप्या आणि झगेच. त्याच्या काही डोक्यात शिरत नाही. कात्री चालूच.

सिनेमातली ही बायको, जॉर्जियाना, खरीच होऊन गेली. १७७४ साली, ऐन १७व्या वाढदिवशी लग्न होऊन डेव्हनशरची डचेस झाली. तिने घातली ती टोपी लंडनभर चालायची. १७८४ च्या निवडणुकीत लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांवर फॉक्स नावाच्या पुढाऱ्यासाठी मतं मागत हिंडली (स्वतःला मत नव्हतंच), तर चुंबनं देऊन मतं घेते म्हणून व्यंगचित्रं निघाली. घरी ड्यूकला वारस हवा होता. तो १७९० मध्ये झाला. त्याआधी दोन मुली झाल्या होत्या, पण त्या कोण मोजतो! तिची जिवलग मैत्रीण बेस एव्हाना त्याच घरात, ड्यूकचीही जिवलग होऊन राहिली होती.

ड्यूकला लग्नाआधी एका टोप्या शिवणारीपासून मुलगी झाली होती. तिची आई वारल्यावर ती वाढवली जॉर्जियानाने. पुढे जॉर्जियानाला चार्ल्स ग्रे या तरुण पुढाऱ्यापासून मुलगी झाली, तर तिला ते तान्हं पोर ग्रेच्या आईबापांकडे द्यावं लागलं. नाहीतर आपल्या तिन्ही मुलांचं तोंड दिसलं नसतं. मुलं कायद्याने बापाची. कायदा आयांसाठी जरासा सैल झाला तो १८३९ मध्ये. तोवर जॉर्जियानाला जाऊन ३३ वर्षं झाली होती.

पडद्यावर ती बाळ दुसऱ्याच्या हातात देते, तिथे आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"टोपीवालीची पोर हिने सांभाळली ना?"

"हो."

"मग हिची का नाही?"

मी कायदा समजावायला लागले.

"राहू दे तुझा कायदा," आई म्हणाली. "टरफलं उचल. आणि ते थोडं मागे घे, तिचा चेहरा नीट बघायचाय मला."