तुम्ही विचारलंत म्हणून : तेच तेच वाचून कंटाळा नाही येत?

माझ्या कपाटाचे खालचे दोन खण एकाच मालिकेच्या पुस्तकांनी भरलेत. घरी येणारं माणूस एकदा तरी तिथे वाकून बघतं आणि मग विचारतं, नणंद विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आता दहावीतली भाचीपण विचारायला लागलीय, की मावशी, इतकी पुस्तकं, सगळ्यांत तीच पोलीसबाई, तोच तिचा नवरा, दर वेळी नवा खून, कंटाळा नाही का गं येत? मी 'नाही येत' म्हणते आणि चहा टाकायला उठते. खरं उत्तर मोठं आहे, उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

मालिका म्हणजे जे. डी. रॉबची 'इन डेथ'. जे. डी. रॉब म्हणजे प्रेमकथा लिहिणारी अमेरिकन लेखिका नोरा रॉबर्ट्सच. ही बाई इतक्या झपाट्याने लिहायची की एका नावाखाली सगळं छापणं जमेना, मग दुसरं नाव घेतलं, जे आणि डी ही तिच्या दोन मुलांची, जेसन आणि डॅनची आद्याक्षरं, आणि रॉब हा रॉबर्ट्सचाच तुकडा. पहिलं पुस्तक १९९५ मध्ये आलं, तेव्हापासून वर्षाला साधारण दोन येतात, साठी ओलांडलीय आणि अजून चालूच आहे.

गोष्ट सुरू होते २०५८ च्या न्यूयॉर्कमध्ये. ईव्ह डॅलस ही खुनांचा तपास करणारी लेफ्टनंट, वय तीस, म्हणजे हिशोब केलात तर ती अजून जन्मलेलीसुद्धा नाही, हे मला दर वेळी जाणवतं आणि दर वेळी कसंतरीच होतं. रस्त्यावर उडणाऱ्या गाड्या, घरात बटन दाबलं की जेवण देणारा ऑटोशेफ, पृथ्वीबाहेर वस्त्या, घरकामाला ड्रॉइड म्हणजे यंत्रमानव, हे सगळं आहे, पण खरं सांगू का, दोन पुस्तकांनंतर ते डोळ्याला खुपत नाही, आपल्या चाळीच्या जिन्यासारखं होऊन जातं. मधे कधीतरी 'अर्बन वॉर्स' म्हणून मोठी यादवी होऊन गेलीय आणि बंदुकांवर बंदी आहे, त्यामुळे पहिल्या पुस्तकात बंदुकीने खून होतो तेव्हा सगळे चक्रावतात, कारण बंदूक ही आता श्रीमंतांच्या संग्रहात ठेवायची जुनी वस्तू. असा संग्रह असलेला एक माणूस म्हणजे रोर्क. नुसतं रोर्क, पुढेमागे काही नाही. डब्लिनच्या गल्लीत वाढलेला, पाकीटमारीपासून सुरुवात करून अर्ध्या जगाचा मालक झालेला. म्हणजे संशयित. आणि पुढे नवरा.

आता इथेच बरेच जण पुस्तक खाली ठेवतात, कारण अब्जाधीश देखणा हिरो म्हटलं की पुढचं सगळं माहीत असल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्या पहिल्या पुस्तकात दोन गोष्टी आहेत ज्यांनी मला धरून ठेवलं. एक म्हणजे कॉफी. त्या काळात खरी कॉफी परवडत नाही कुणाला, पोलीस स्टेशनात जे काळं पाणी मिळतं ते कॉफीच्या नावाखाली भलतंच काहीतरी असतं. रोर्क तिला खरी कॉफी पाजतो, आणि नंतर हिरे नाही पाठवत, कॉफीची पिशवी पाठवतो. आणि दुसरं म्हणजे बटन. ईव्हच्या साध्या करड्या जॅकेटचं बटन तुटून पडतं, ते याला सापडतं आणि हा ते परत न देता खिशात ठेवतो, आणि अहो ते पुढे सगळ्या मालिकाभर त्याच्या खिशात आहे. कधी काळजीत असला, ती कुठे अडकलीय हे कळत नसलं, की तो खिशात हात घालून ते बटन बोटांत फिरवतो. वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही काय चाललंय ते.

लग्न होतं तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी, १९९६ मध्ये. आणि माझं उत्तर खरं म्हणजे इथून सुरू होतं. आपण लहानपणापासून वाचलेल्या बघितलेल्या गोष्टी लग्नाशी संपतात, वरमाला पडली की पडदा. इथे वरमाला पडली तिसऱ्या भागात आणि त्यानंतर जवळजवळ साठ पुस्तकं फक्त लग्नानंतरची! आणि काळ कसा चालतो बघा, एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना गोष्टीतले काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने जातात. आपल्याकडे तीस वर्षं उलटली तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम तीन वर्षं झालीत, २०५८ ते २०६१. मी पहिलं पुस्तक हातात घेतलं तेव्हा चोवीस वर्षांची होते, ईव्ह माझ्यासाठी मोठी ताई. मग मी तिच्याएवढी झाले. आता मी तिच्यापेक्षा चांगली बारा-तेरा वर्षांनी मोठी आहे आणि हल्ली ती रात्रभर न झोपता, न जेवता केस घेऊन बसली की मला राग येतो, धाकट्या बहिणीवर येतो तसा.

हा संथपणा मला हवाय. त्यामागे कारण आहे. ईव्ह आठ वर्षांची असताना डॅलस शहरातल्या एका गल्लीत सापडली होती, हात मोडलेला, स्वतःचं नाव माहीत नाही, आधीचं काही आठवत नाही. नाव सरकारी खात्याने दिलं, आडनाव त्या शहराचं. बापाने तिचं काय काय केलं आणि शेवटी तिने त्याचं काय केलं हे तिला हळूहळू, तुकड्यातुकड्याने आठवत जातं. अशी माणसं पुस्तकात खूप असतात, पण बहुतेक लेखक शेवटच्या प्रकरणात तिला एकदा भरपूर रडवतात आणि बरी करून टाकतात. इथे तसं होत नाही. स्वप्नं पडतात, थांबतात, दोन पुस्तकं बरी जातात, मग एखादी केस तशीच निघते आणि परत पडतात. २०११ च्या पुस्तकात ती त्याच डॅलसला जाते आणि तिथे जे समोर येतं (ते मी सांगणार नाही) त्याने ती पार मोडते, आणि त्यानंतरच्या पुस्तकात लेखिका ते विसरलेली नसते. मिठी कशी मारायची हे तिला माहीत नाही, भेटवस्तू मिळाली की ती अवघडते, मैत्रिणीच्या पोटातल्या बाळाला हात लावायचा म्हटलं की घाबरते, आणि हे कमी होतं ते इतकं सावकाश की एखाद्या भागात ती आपणहून पीबडीच्या खांद्यावर हात ठेवते तेव्हा नवीन वाचणाऱ्याला त्यात काहीच वाटणार नाही आणि मला मात्र पुस्तक मिटून दोन मिनिटं बसावं लागतं. पीबडी म्हणजे तिची मदतनीस, युनिफॉर्म घालून आली होती, माझ्या डोळ्यासमोर डिटेक्टिव्ह झाली, मला माझ्या ऑफिसातल्या कुणाच्याही प्रमोशनचा इतका आनंद झाला नव्हता.

आणि मेलेली माणसं. आमच्या आजोबांकडे बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं होती, झुंजार, काळापहाड, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पालथी पडून वाचली आहेत, जीव जडलेला होता, पण तिथे ज्याचा खून झाला तो माणूस पुढच्या पानावर विसरला जायचा, कारण लक्ष सगळं झुंजारवर. ईव्ह प्रत्येक केसला बोर्ड लावते, मध्ये मेलेल्याचा फोटो. तो माणूस चांगला होता की हलकट, श्रीमंत की रस्त्यावरचा, तिला फरक पडत नाही. काही वेळा मेलेला इतका वाईट निघतो की वाचताना वाटतं बरं झालं गेला, आणि ती त्याच्यासाठीही तितकीच रात्र जागते, कारण ती लहान असताना तिच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं आणि हे कुणालाही होऊ नये एवढंच तिचं म्हणणं आहे.

२००४ च्या 'डिव्हायडेड इन डेथ'मध्ये हेच त्या दोघांच्या मध्ये येतं. रोर्कला कळतं की लहानग्या ईव्हवर जे चाललं होतं ते एका सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या लोकांना माहीत होतं, ते तिच्या बापावर पाळत ठेवून होते, ऐकत होते, आणि आपलं काम बिघडू नये म्हणून कुणी दार उघडलं नाही. रोर्क त्यांना मारायचं ठरवतो. तो करू शकतो, त्याने पूर्वी केलंय. ती पोलीस आहे. ती त्याला म्हणते करू नकोस, पण तिला हेही कळतं की तो हे तिच्यावरच्या प्रेमापोटीच करायला निघालाय. अर्धं पुस्तक दोघं एका घरात, एका टेबलावर जेवतायत आणि बोलता येत नाहीये. आरडाओरडा नाही. फक्त एकमेकांशी फार सभ्यपणे वागतात, आणि ज्यांचं लग्न झालंय त्यांना माहीत आहे की तो सभ्यपणा किती वाईट असतो. शेवटी तो ते सोडून देतो. त्याला पटलेलं नसतं, आणि तरीही सोडतो, तिला त्याच्याबरोबर जगता यावं म्हणून. माझ्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि पटलेलं नसताना सोडून देणं म्हणजे हरणं असंच मला तोवर वाटत होतं.

आता ते एक सांगते जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईची बायपास झाली तेव्हा मी रात्री हॉस्पिटलात असायचे. बरोबर 'पोर्ट्रेट इन डेथ' होतं, फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली जुनी प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या. आईला झोप लागत नव्हती. म्हणाली, काय वाचतेयस, मला सांग. आई सातवी शिकलेली, इंग्रजी कादंबरीशी तिचा संबंध नाही. मी म्हटलं एका मुलाची गोष्ट आहे, त्याला वाटायचं आपली आई आपल्याला टाकून गेली, बाप मारकुटा. आता तो मोठा झालाय, बायको आहे, पैसा आहे, आणि त्यानेच बायकांसाठी बांधलेल्या आश्रयगृहात काम करणारी एक बाई त्याला सांगते की ती तुझी आई नव्हतीच. तुझी आई वेगळीच होती, खेड्यातली कोवळी पोरगी, तिचं तुझ्यावर जिवापाड प्रेम होतं, आणि तू तान्हा असताना तुझ्या बापाने तिला मारून टाकलं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तो त्या पोरीवर न केलेल्या गोष्टीचा राग धरून बसला?"

मी अनेक समीक्षा वाचल्यात या पुस्तकाच्या, इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

पुढच्या चार रात्री मी तिला ते पुस्तक मराठीत सांगितलं, वाचत आणि सांगत. रोर्क बायकोशीही बोलेनासा होतो हे सांगितल्यावर आईने विचारलं, मग ती काय करते? मी म्हटलं, तिची केस चालू आहे, खुनी मोकाट आहे. "केस राहू दे, तिने जायला पाहिजे त्याच्याकडे." आणि ईव्ह जाते, केस दुसऱ्यांच्या हाती सोपवून आयर्लंडला, क्लेअरला, जिथे त्याला त्याच्या आईची जुळी बहीण सापडलीय, सिनेड मावशी, आणि तिच्यामागे अख्खं घर, मामे-मावसभावंडं, स्वयंपाकघर, चहा. त्या मावशीने त्याला घरात घेतलं हे सांगितलं तेव्हा आई समाधानाने डोळे मिटून पडली. त्यानंतर ती पुढे सहा वर्षं होती आणि फोनवर जावयाची, नातीची चौकशी करून झाली की विचारायची, ईव्हचं काय चाललंय गं, मावशीकडे जातात का ते? मी सांगायचे, जातात, थँक्सगिव्हिंगला तीच सगळी मंडळी न्यूयॉर्कला आली होती.

आता कुठून सुरू करू असंही विचारता म्हणून सांगते. पहिली तीन क्रमाने वाचा, 'नेकेड', 'ग्लोरी', 'इमॉर्टल', त्याशिवाय माणसं कळणार नाहीत. त्यानंतर एखादं सुटलं तरी चालेल, पण 'पोर्ट्रेट' आणि 'डिव्हायडेड' सोडू नका. अलीकडची काही मला कमी आवडतात, खुनी कोण हे सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि मग नुसता पाठलाग उरतो, आणि खुनाची वर्णनं काही ठिकाणी फार अंगावर येतात, भाचीला मी अजून दिलेली नाहीत ती म्हणूनच. ऐकायला आवडत असेल तर सुझन एरिक्सनच्या आवाजातली ऑडिओबुक्स घ्या, रोर्कचा आयरिश हेल त्यात फार छान आलाय, मी रोज लोकलमध्ये ठाण्यापर्यंत ऐकते.

पहिली तीन माझ्याकडे दोन-दोन प्रती आहेत, हवी त्यांनी न्यावीत, परत दिली नाहीत तरी चालेल. 'पोर्ट्रेट' फक्त मागू नका. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्यात, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ, आणि खाली तिच्याच अक्षरात, मोडक्या मराठी वळणात, 'सिनेड', नाव विसरायला नको म्हणून.